खर्च नाही

आटपाडी
१५ सप्टेंबर २०२४

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तुला तीनदा ‘सगळं व्यवस्थित’ म्हणालो. सोनमर्गहून, द्रासहून आणि लेहहून. त्यातलं द्रासचं खरं नव्हतं. परवा व्हिडिओ कॉलवर तू आईला विचारलंस, ‘बाबा पाय ओढत का चालतायत?’ आणि आईनं आरतीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तुझ्यापासून मी आजवर काही लपवलं नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहून कळवतो. फोनवर तू काळजीनं रागावतेस आणि मला पुढचं सुचत नाही.

तर, झोजीलावर मी गाडीसकट पडलो. डावा पाय खाली अडकला आणि पोटरी सायलेन्सरवर भाजली. तळहाताएवढा फोड आला होता. आता कातडी धरली आहे, रोज मलम चालू आहे. शुगर नाही म्हणून जखम लवकर भरेल, असं डॉक्टर म्हणाले. घाबरू नकोस आणि पुढचं वाच, कारण सांगायचं ते वेगळंच आहे.

माझ्या थोरल्या भावाची, तात्याची वही तू कपाटात पाहिली आहेस. वाचली नसशील, कारण कुठलंही पान उघडलं की पेट्रोल, ऑइल, पंक्चर एवढंच दिसतं आणि माणूस मिटून ठेवतो. मीसुद्धा चाळीस वर्षं तेच केलं.

१९७९ साल. मी ११ वर्षांचा, तात्या २३ चा. तो साखर कारखान्यात हंगामी फिटर होता. गाळप संपलं, बॉयलर विझला की हंगामी माणसाला पुढच्या हंगामापर्यंत घरी बसायचं. आपल्या माळावर पावसाशिवाय राबण्यासारखं काही नसायचं. त्यानं एक जुनी येझदी घेतली होती, तीच सोडायची आणि तीच जोडायची, हा त्याचा उन्हाळा. कारखान्यात लष्करातून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. श्रीनगर-लेह रस्त्यावर त्यांनी अनेक वर्षं ट्रक चालवला होता. त्यांच्याकडून तात्यानं ऐकलं की तिकडे एक मुलूख आहे, जिथं डोंगर आपल्या मोठ्या घाटाच्या पाचपट उंच आणि पाऊस आटपाडीपेक्षाही कमी. लडाख १९७४ पासून सामान्य प्रवाशांना खुला झाला होता. तात्याच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

आबांनी विरोध केला नाही, हे मला आजही नवल वाटतं. त्यांनी एक खिल्लार खोंड विकला, पैसे मोजून तात्याच्या हातात ठेवले आणि सोबत ही लाल पुठ्ठ्याची वही दिली. अट एकच, पै न् पैचा हिशेब. गावात लोक म्हणायचे, ‘थोरला अटकेपार निघाला.’ मला तेव्हा वाटायचं अटक म्हणजे पोलीस.

त्यामुळे त्या वहीत एकही डोंगर नाही. बर्फ नाही, नदी नाही. आहे तो असा मजकूर: ‘कारगिल. पेट्रोल १२ लि. ऑइल अर्धा लि. प्लग साफ. सुई १ खाच खाली. पाव, चहा.’ त्याच्या पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, सगळीकडे हेच. परत आल्यावर तात्या थोडं बोलला असेल, पण तो मुळातच मितभाषी. लग्न झालं, कारखान्यात कायम झाला, येझदी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. आमचं विचारायचं राहून गेलं. आणि आता कंपवातामुळे त्याला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो, तेव्हा मला विचारावंसं वाटायला लागलं.

मागच्या दिवाळीत वही मी पहिल्या पानापासून वाचली. जम्मूच्या पुढे चार ठिकाणी एक विचित्र नोंद आहे. तारीख, गावाचं नाव आणि पुढे ‘खर्च नाही.’ एक द्रासला. एक लामायुरूला, तिथं दोन दिवस. एक खाल्त्सेला. एक परतीच्या वाटेवर सोनमर्गला, तीन दिवस. त्या दिवसांत त्यानं चहासुद्धा विकत घेतलेला नाही. आणि या चारही नोंदींच्या समोर, समासात, निळ्या पेन्सिलीनं आबांच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘देणे.’

मला तो प्रसंग अंधुक आठवतो. आबा सोप्यात बसून चष्म्यातून वही वाचत होते, बोट ओळीवरून पुढे सरकत होतं. एका ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, ‘इथं कुणाचं खाल्लंस?’ तात्या म्हणाला, ‘लोकांचं.’ आबांनी कानावरची पेन्सिल काढली.

म्हणून मी गेलो, चिऊ. तू विचारलं होतंस की ५६ व्या वर्षी, बीपीची गोळी चालू असताना हे काय सुचलं. तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते ‘देणे’ चार ठिकाणी तसंच पडून होतं आणि तात्या आता जाऊ शकत नाही.

गाडी तीच नेली, हे तुला माहीत आहे. मिरजेच्या मिस्त्रीनं क्रँकपासून सगळं नवं करून दिलं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मूपर्यंत पार्सल केली. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, मग गोणपाटात सुतळीनं शिवून टाकतात, जखमी माणसाला गुंडाळावं तशी. डिकीत सुटे प्लग, पॉइंटचा सेट, दोन क्लच केबल, तू दिलेलं ऑक्सिमीटर, तात्याची तीच घोंगडी, आणि तासगावचा पाच किलो बेदाणा, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून. देणं फेडायला आपल्याकडचं काय न्यावं, याचा मी आणि आईनं बराच विचार केला होता. डाळिंबं टिकली नसती.

जम्मू ते श्रीनगर बोगद्यांमुळे आता सोपं झालंय. तात्याच्या वेळी एक जवाहर बोगदा होता, आता नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरीचा आहे, बनिहालला नवा आहे. त्या टप्प्याचं सांगण्यासारखं फारसं नाही. सोनमर्गपर्यंत सगळं हिरवं, पाण्याचं, देवदारांचं. मी तिथून तुला केलेला फोन खरा होता.

झोजीला सोनमर्गच्या पुढे. ‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. उंची ११,५७५ फूट. ही काही त्या रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड नाही, पण सगळ्यात अवघड हीच. आपल्या आंबा घाटाला कठडा असतो, साइडपट्टी असते. इथं कापलेला कडा, त्यात ट्रकनं पिठासारखी केलेली धूळ, आणि वरून बर्फाचं पाणी पाझरतं तिथं त्याच धुळीचा गुडघाभर चिखल. एका बाजूला बालटालची दरी, खालचे तंबू तांदळाच्या दाण्याएवढे. १९४८ च्या १ नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी याच खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं, आणि त्यामुळेच पुढे लेहची वाट मोकळी झाली. शाळेत हे कुणी मला शिकवलं नाही. तो रस्ता पाहिल्यावर त्या रणगाड्यांच्या ड्रायव्हरांसमोर हात जोडावेसे वाटले.

खिंडीचा माथा ओलांडून पलीकडे गुमरीकडे उतरताना एक ओहोळ रस्त्यावरून वाहत होता. समोरून ट्रक आला, मी कडेला घेतलं, पुढचं चाक एका गोट्यावर चढलं आणि गाडी डाव्या बाजूला आडवी. येझदीला दोन्हीकडे सायलेन्सर, त्यामुळे कुठल्याही बाजूला पडा, पाय भाजणारच. पाणी इतकं गार की भाजल्याचं आधी कळलंच नाही. गाडीचं वजन पायावर, नाकाखाली पाणी, आणि श्वास पुरत नव्हता. त्या क्षणी मला तू लहानपणी विहिरीत पडली होतीस ते आठवलं. का, ते सांगता येत नाही.

गाडी कुणी उचलली, तर रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांनी. पाच पोरं होती, सगळी झारखंडची, दुमक्याकडची. दर उन्हाळ्यात ही माणसं इथं येतात, डांबर उकळतात, दगड फोडतात, आणि हिवाळ्याआधी परत जातात. माझ्या धाकट्या पुतण्याच्या वयाचा एक जण होता. त्यानं माझा बूट काढला, पाय पुन्हा त्याच पाण्यात धरला आणि म्हणाला, ‘चाचा, हिलाइए मत.’ पंधरा मिनिटं त्यानं पाय सोडला नाही. त्याचे हात लाल झाले होते. मग मला त्यांच्या पत्र्याच्या खोपटात नेलं. स्टोव्हवर भात आणि बटाट्याचा रस्सा होता, तो जेवायला लावला. कार्बोरेटरमध्ये पाणी गेलं होतं. वाटी सोडून पुसली, प्लग स्टोव्हच्या जाळावर वाळवला, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पैसे दिले तर कुणी हात पुढे केला नाही. बेदाण्याची एक पिशवी मात्र त्यांनी लगेच फोडली.

तात्याच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी माझा हिशेब लिहीत होतो, त्याच्याच पद्धतीनं. त्या रात्री लिहिलं: ‘गुमरी. जेवण. खर्च नाही.’ लिहून झाल्यावर बराच वेळ पेन खाली ठेवता आलं नाही.

आता तुला भूगोलाची एक गोष्ट सांगतो, कारण ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. बालटालच्या बाजूला दाट झाडी, ढग, पाऊस. खिंड ओलांडून थोडं पुढे गेलं की एक झाड नाही. पावसाचे ढग अलीकडेच अडकतात आणि पलीकडे कोरडा वारा. आपलं गावही असंच सह्याद्रीच्या पाठीमागं पडलेलं. महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि आपल्याकडे आभाळ नुसतं गडगडून जातं. पण आपल्याला निदान माळावर कुसळं तरी दिसतात. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. डोंगर उघडे, हाडासारखे, आणि त्यांचे रंग असे की तुझ्या आजीच्या पानाच्या डब्यात असायचे तसे: काताचा, चुन्याचा, सुपारीचा. आणि मधे कुठंतरी एक ओहोळ, त्याच्याकाठी चार शेतं सातूची, दहा पॉपलर, गाव संपलं. माणदेशाच्या माणसाला ते परकं वाटत नाही. पाणी जिथं आहे तिथंच माणूस, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तात्याला हा मुलूख का ओढत होता, ते मला द्रासच्या अलीकडे एका ओढ्याशी गाडी उभी केल्यावर कळलं.

द्रास. या नावाची एक आठवण तुला माहीत नाही, तू तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होतीस. १९९९ चा जून. आपल्या टीव्हीवर रोज कारगिलच्या बातम्या. गल्लीतले लोक जमायचे. एकदा पडद्यावर द्रास दाखवलं, पत्र्याची घरं, ओस पडलेला बाजार, मागे तोलोलिंगचा डोंगर. तात्या उभा राहिला आणि टीव्हीच्या काचेला बोट लावून म्हणाला, ‘या गावात मी जेवलोय.’ पुढे कुणी काही विचारायच्या आत तो बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही, वहिनींनी नंतर सांगितलं.

मी त्या तोलोलिंगच्या खाली उभा राहिलो तेव्हा त्या रात्रीचा अर्थ लागला. डोंगर रस्त्याला इतका लगटून आहे की वरच्या माणसाला खालचा प्रत्येक ट्रक मोजता येईल. वरून तोफांना नेम सांगितला जायचा आणि लेहला जाणारा हा मुख्य रस्ता फुटत होता. गावकरी घरं सोडून गेले होते. ज्या घरानं २३ वर्षांच्या पोराला जेवू घातलं, ते घर उरलं की नाही, हे तात्याला कळायला काही मार्ग नव्हता. ना नाव, ना पत्ता. वहीत फक्त गाव.

युद्धस्मारकावर गेलो, नावं वाचली, महाराष्ट्रातल्या गावांची नावं शोधत राहिलो. नंतर बाजारात फिरलो. तिथली माणसं शिना बोलतात, हिंदी सगळ्यांना येते. एका दुकानात तीन म्हातारे बसले होते. त्यांना मी तात्याचा १९७९ चा फोटो दाखवला, घोंगडी पांघरून येझदीवर बसलेला. सिनेमात दाखवतात तसं काही घडलं नाही. कुणीही ओळखला नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, मधे एक युद्ध होऊन गेलं. पण त्यातले एक आजोबा फोटो लांब धरून म्हणाले, ‘उस वक्त जो आता था, किसी के घर ही रुकता था. होटल कहाँ था?’ मी त्यांना बेदाण्याची पिशवी दिली आणि हे कशाबद्दल, ते समजावलं. त्यांनी मोठ्या गंभीरपणे ती घेतली, तिघांत वाटली, आणि मला एक चहा पाजला. तिथून तुला फोन केला तो तेव्हाचा. पाय ठणकत होता आणि मी ‘व्यवस्थित’ म्हणालो.

कारगिलपर्यंत साठेक किलोमीटर. १९७९ मध्येच कारगिल वेगळा जिल्हा झाला, म्हणजे तात्या गेला तेव्हा ते नवंनवं असणार. सुरू नदीच्या काठी मुक्काम केला, जर्दाळूंचे दिवस होते. झाडाखाली चादरी पसरून पोरं फांद्या हलवत होती. आपण वाळलेला जर्दाळू खातो, ताजा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला.

आता ‘सुई १ खाच खाली’ याबद्दल, कारण तुला यंत्रांची आवड आहे आणि तात्याचं डोकं कसं चालायचं ते त्यातून दिसतं. उंचावर हवा विरळ होते. फोटुलाला, म्हणजे ४,१०८ मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्केच उरतो. कार्बोरेटरला मात्र हे कळत नाही. तो पेट्रोल पूर्वीसारखंच सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, मग प्लग काजळीनं काळा पडतो आणि गाडी गुदमरते. म्हणून कार्बोरेटरमधली सुई एक खाच खाली घ्यायची, म्हणजे पेट्रोलची वाट थोडी बारीक होते. हे तात्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहीत दिसतं की झोजीला ते कारगिल त्यानं प्लग चार वेळा साफ केला आणि मग कारगिलला बसून सुई हलवली. पुढच्या पानांवर ‘प्लग साफ’ जवळजवळ नाही. मी कारगिलला त्याच खाचेवर सुई ठेवली. पाना फिरवताना त्याचा हात माझ्या हातावर असल्यासारखं वाटत होतं.

मुलबेखला रस्त्याच्या अगदी कडेला एका उंच खडकात चंबाची, म्हणजे मैत्रेय बुद्धाची मूर्ती कोरलेली आहे. तात्याच्या वहीत तिथं ‘केळी २’ असं आहे. त्यानं ती मूर्ती पाहिली नसेल असं होणार नाही, पण मूर्ती बघायला खर्च आला नाही म्हणून नोंद नाही. मी तिच्यासमोर उभा राहून दोन केळी खाल्ली. मग नमिकाला, मग फोटुला. फोटुलावर तुझ्या ऑक्सिमीटरनं ८४ दाखवलं. बसून राहिलो, पाणी प्यायलो, ८८ झाल्यावरच निघालो. हे खरं सांगतोय.

फोटुला उतरलं की लामायुरू. एका कड्यावर मठ आणि त्याच्याभोवती पिवळ्या मातीचे असे विचित्र डोंगर की जणू कुणी ओली माती बोटांनी ओढून ठेवलीय. फार पूर्वी तिथं सरोवर होतं, त्याचा हा गाळ. तात्याची येझदी इथं बंद पडली होती. वहीत आहे: ‘कॉइल गेली. २ दिवस. खर्च नाही.’ कॉइल कुठून आली, ते नाही.

मठाच्या खाली एका घरात मी उतरलो. घरात सत्तरीच्या पुढच्या एक आजी, आमा म्हणायचे सगळे त्यांना. हिंदी फारशी येत नव्हती. त्यांच्या नातीनं त्यांना फोटो समजावून सांगितला. आमांनी बघितला, मान हलवली, ओळखत नाही म्हणाल्या. पण घोंगडी बघून त्या पुढे सरकल्या. हातात घेतली, उलटी केली, वीण चिमटीत धरून ओढून पाहिली, नाकाशी नेली. मेंढीच्या लोकरीचा तो वास. मग आपल्या खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली आणि मीही तसंच करावं अशी खूण केली. आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांची लोकर तपासत होतो. नात म्हणाली, ‘आमा पूछती हैं, भेड़ किसकी है?’ मी म्हणालो, आमच्या गावच्या धनगराची. आमांनी समाधानानं मान डोलावली. मग गुरगुर चहा आला, लोण्याचा, खारट. एक घोट घेतला की लगेच त्या पेला भरायच्या. तिकडे पाहुण्याचा पेला रिकामा ठेवत नाहीत. मला तो चहा आवडला नव्हता, पाचव्या पेल्यापर्यंत आवडायला लागला.

सकाळी नातीनं खोलीचं भाडं घेतलं, ते घ्यायलाच हवं, तो त्यांचा धंदा आहे. रात्रीच्या जेवणाचे मात्र आमांनी घेऊ दिले नाहीत. मी बेदाणा दिला, त्यांनी जर्दाळूच्या बिया दिल्या. त्या तुझ्यासाठी डब्यात ठेवल्यात.

खाल्त्सेला रस्ता सिंधूला भेटतो. त्या पुलावर मला आबा फार आठवले. रोज पहाटे विहिरीवर अंगावर पहिला तांब्या घेताना ते म्हणायचे, ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि’. यातल्या गोदावरीपलीकडे त्यांनी काही पाहिलं नव्हतं. तात्यानं तिथून त्यांना इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत सिंधूचं पाणी आणलं होतं. ती देवघरात बरीच वर्षं होती, तळाशी बारीक राखाडी वाळू बसलेली. आणि हीच नदी पुढे अटकेला जाते. म्हणजे गावातले लोक म्हणत होते त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, अटकेचं पाणी तात्यानं घरी आणलं होतं.

लेहबद्दल फार लिहीत नाही. निम्मूला झंस्कार आणि सिंधू मिळतात तिथं दोन रंगांचं पाणी बराच वेळ वेगवेगळं वाहताना दिसतं, ते बघायला तासभर बसलो. लेहला तात्याची नोंद: ‘पोचलो. दाढी. पेट्रोल.’ मीही दाढी केली. तू खारदुंगलाला जा म्हणाली होतीस, पण तात्याच्या वेळी तो रस्ता सामान्यांना खुला नव्हता, त्यामुळे तो गेला नव्हता. म्हणून मीही गेलो नाही. जुन्या पेठेत एक दिवस राहून परत फिरलो.

परतीची एकच नोंद सांगतो. ‘सोनमर्ग. इंजिन पकडलं. चूक माझी. ३ दिवस. खर्च नाही.’ झोजीला उतरताना तो सुई परत वर करायला विसरला होता. खाली हवा दाट, पेट्रोल कमी, इंजिन तापलं. त्यात टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, आणि लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की ऑइलही बंद. पिस्टन सिलिंडरला धरला. घोडेवाल्यांच्या खोलीत बसून त्यानं तो पॉलिश पेपरनं घासून मोकळा केला, आणि तीन दिवस त्या माणसांनी त्याला पोसलं. मी सोनमर्गला तीन घोडेवाल्यांना बेदाणा दिला. एकानं विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, उधारी आहे. तो हसून म्हणाला, ‘बहुत देर कर दी.’

घरी आल्यावर तात्याकडे गेलो. वहिनींनी त्याला उशीला टेकवून बसवलं. मी मोबाइलवर एकेक फोटो दाखवत होतो. फोटुलाच्या फोटोवर त्याचं थरथरतं बोट आलं. बराच वेळ ओठ हलले आणि मग म्हणाला, ‘रस्ता... काळा झाला.’ त्याच्या वेळी तिथं कच्चा होता म्हणे. लामायुरूच्या मातीवर तो हसला. द्रासच्या बाजाराचा फोटो त्यानं दोनदा मागे घेऊन पाहिला, दुकानांच्या मागची घरं बघत होता. मी त्याला तिघा म्हाताऱ्यांचं सांगितलं, आमांचं सांगितलं, दुमक्याच्या पोरांचं सांगितलं. पायाचंही सांगितलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं मला एकच विचारलं. ‘उतरताना... सुई... वर केलीस?’

‘केली, तात्या. गुमरीलाच केली.’

त्यानं डोळे मिटून मान हलवली.

निघताना मी वही काढून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, आबांनी लिहिलेलं ‘देणे’ आता खोडू का? त्यानं वही मिटली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, ‘राहू दे.’

खंडेनवमीला येझदीची पूजा करायची आहे, तेव्हा नक्की ये. तात्या म्हणतोय त्याला शेडपर्यंत आणा, झेंडूची माळ तो घालणार आहे. तुला यायला जमलं तर येताना तिकडच्या जुन्या बाजारात येझदीचे पॉइंट मिळतात का बघ, दोन सेट घे. सुटे सगळे संपलेत. माझ्या पायाची काळजी करू नकोस, मलम रोज आई लावते. आणि तिला रागावू नकोस, सांगू नको असं मीच म्हणालो होतो.

तुझा,
बाबा